थँक्सगिव्हिंगच्या मुळाशी नक्की काय आहे? (मुलांच्या नाटुकल्यासाठी मदत हवी)

शाळाताई
नमस्कार मंडळी. मॅसॅच्युसेट्समधल्या आमच्या मराठी शाळेत नोव्हेंबरच्या शेवटी मुलांचं पंधरा मिनिटांचं नाटुकलं असतं. संहिता वर्षानुवर्षं तीच: १६२० मध्ये इंग्रज वसाहतकऱ्यांना (पिलग्रिमांना) घेऊन प्लिमथला आलेलं मेफ्लॉवर जहाज, कडाक्याची थंडी, उपासमार, मग 'इंडियन' येऊन मका पेरायला शिकवतात आणि सगळे मिळून टर्की खातात. आठवी-नववीतली मुलं आता विचारतात की हे खरं किती. काही जण म्हणतात हा मुळात चर्चचा उपासनेचा दिवस होता, काही म्हणतात पहिलं थँक्सगिव्हिंग एका हत्याकांडाच्या आनंदात झालं. जाणकारांनी कृपया सांगावं: धार्मिक मूळ काय, नाटुकल्यातल्या त्या १६२१ च्या जेवणाबद्दल खात्रीने काय माहीत आहे, आणि हत्याकांडाचं काय? 'नाटक रद्द करा' एवढंच सांगू नका, मुलं हौसेने तयारी करतात.

बखरकार
धार्मिक मुळापासून सुरू करतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ आहे.

न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांनी (चर्च 'शुद्ध' करू पाहणारे कडवे इंग्रज प्रोटेस्टंट) चर्चची पंचांगं मोडीत काढली होती. नाताळ, ईस्टर, संतांचे दिवस सगळे बंद. बायबलात सांगितलेला दिवस म्हणजे फक्त रविवार, बाकी माणसांनी घुसडलेलं, ही त्यांची भूमिका. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो १६८१ मध्ये उठला.

मग उरले दोन प्रकारचे दिवस, आणि दोन्हींची तारीख आधीपासून ठरलेली नसे. दुष्काळ, साथ, लढाईत हार असं काही झालं की उपासाचा आणि पश्चात्तापाचा दिवस जाहीर व्हायचा. पाऊस पडला, जहाज सुखरूप आलं, लढाई जिंकली की आभाराचा दिवस. वसाहतीचं सरकार किंवा एखादं चर्च दिवस ठरवायचं, जाहीरनामा सभागृहात (हेच त्यांचं प्रार्थनाघर) वाचला जायचा, त्या दिवशी कामधंदा बंद. सकाळी लांबलचक प्रार्थना, स्तोत्रं, प्रवचन, आणि मग जेवण. दिवस बहुधा आठवड्याच्या मधला, पुष्कळदा गुरुवार, कारण आठवड्यातलं प्रवचन बऱ्याच गावांत गुरुवारी असे. आजच्या थँक्सगिव्हिंगचा गुरुवार त्याच वळणाचा आहे.

प्लिमथ वसाहतीतलं स्पष्ट उदाहरण १६२३ चं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस नाही, मका करपायला लागला. उपासाचा दिवस ठरला, आठ-नऊ तास प्रार्थना चालली, त्यानंतर हलका संततधार पाऊस लागला. मग आभाराचा दिवस पाळला. प्युरिटन अर्थाने 'थँक्सगिव्हिंग' म्हणायचं तर ते हे. १६२१ चं जेवण त्या व्याख्येत बसतच नाही.

मिरगाची_सर
वाचनखूण साठवली. म्हणजे उपास आणि आभार ही जोडी होती, आपल्याकडे त्यातला अर्धाच भाग पोचला.

बखरकार
@मिरगाची_सर, अगदी. उपासाचा अर्धा भागही पुष्कळ टिकला. मॅसॅच्युसेट्समध्ये वसंतातला 'फास्ट डे' १८९४ पर्यंत सुट्टीचा दिवस होता. न्यू हॅम्पशायरने तो १९९१ पर्यंत ठेवला.

केप_कॉडकर
१६२१ बद्दल. मूळ पुरावा फार तोकडा आहे, आणि तो मुलांना वाचून दाखवण्याइतका छोटा आहे. प्लिमथचा वसाहतकरी एडवर्ड विन्स्लो याने ११ डिसेंबर १६२१ ला लिहिलेलं पत्र, त्यातला एक परिच्छेद. त्यात काय आहे: पीक काढल्यावर गव्हर्नर ब्रॅडफर्डने चार माणसं पाखरं मारायला पाठवली, त्यांनी एका दिवसात आठवडाभर पुरेल इतकी शिकार आणली. बंदुकांचा सराव आणि खेळ झाले. वाम्पानोआग (तिथली स्थानिक जमात) प्रमुख उसामेक्विन (इंग्रजांच्या लेखी 'मॅसासॉइट', ही खरं तर त्याची पदवी) सुमारे ९० माणसं घेऊन आला. तीन दिवस जेवणं झाली. त्यांच्या लोकांनी पाच हरणं मारून आणली. संपलं.

प्रार्थनेचा उल्लेख नाही, आभाराचा दिवस म्हणून नाव नाही, आमंत्रण दिल्याचंही लिहिलेलं नाही. टर्की त्या पत्रात नाही. त्या शरदात रानटर्की भरपूर मिळाल्याचं ब्रॅडफर्डने पुढे वेगळं लिहिलंय, त्यामुळे पानात असणं शक्य आहे. बटाटा तिथे नव्हता, गव्हाचं पीठ आणि लोणी यांची वानवा, म्हणजे 'पाय' (pie) हा गोड पदार्थ नाही. साखर घालून केलेला क्रॅनबेरीचा मुरंबा तर बराच नंतरचा. मका, हरीण, बदकं, मासे, बाम, शिंपले, भोपळा हे धरून चाला.

आणखी एक, जे नाटकात कधीच येत नाही. मेफ्लॉवरवर १०२ प्रवासी होते. पहिल्या हिवाळ्यात जवळजवळ निम्मे मेले. जेवणाच्या वेळी प्रौढ बायका चारच उरल्या होत्या. सुमारे ५० इंग्रज आणि ९० पाहुणे, तीन दिवस. स्वयंपाकाचा भार कुणावर पडला असेल ते मुलींना सांगा, त्यांना लगेच कळेल.

सदाफुली
९० माणसं बोलावल्याशिवाय कशी आली? सगळे पुरुष का?

केप_कॉडकर
@सदाफुली, पत्रात कारण नाही. एक तर्क असा की बंदुकांचे बार ऐकून उसामेक्विन लढाईच्या तयारीने आला, कारण त्या मार्चमध्येच दोघांचा एकमेकांना मदत करायचा करार झाला होता. हा तर्कच आहे, पुरावा नाही. नाटकात घ्यायचं तर तसं सांगून घ्या.

करार त्याने का केला हे मात्र समजण्यासारखं आहे. १६१६ ते १६१९ च्या साथीत किनाऱ्यावरची वाम्पानोआग गावंच्या गावं ओस पडली. पश्चिमेचे नॅरागॅन्सेट (शेजारची दुसरी जमात) त्या साथीतून वाचले होते आणि ते आता वरचढ झाले होते. उसामेक्विनला बंदुका असलेला शेजारी उपयोगाचा होता. हा राजकारण्याचा हिशोब होता. 'भोळेभाबडे, मदतीला धावणारे' असं दाखवलं की त्याची अक्कलच पुसली जाते.

रानवाटा
साथीबद्दल थोडं सविस्तर, कारण माणसांची किंमत तिथून सुरू होते.

प्लिमथ जिथे वसलं ते पटक्सेट नावाचं वाम्पानोआग गाव. साफ केलेली शेतं, ओढा, सगळं तयार, माणूस एकही नाही. युरोपीय जहाजांबरोबर आलेल्या रोगाने ते संपलं होतं. रोग कोणता यावर एकमत नाही. देवी, प्लेग, अलीकडे लेप्टोस्पायरोसिस अशी नावं पुढे आली आहेत.

टिस्क्वांटम (मुलांच्या पुस्तकांतला 'स्क्वांटो') याच गावचा. १६१४ मध्ये थॉमस हंट या जहाजाच्या कप्तानाने त्याच्यासह वीसेक जणांना फसवून पकडलं, शेजारच्या नॉसेटचे सात जण वेगळे, आणि स्पेनमधल्या मालागात गुलाम म्हणून विकायला नेलं. तो तिथून लंडनला पोचला, मग न्यूफाउंडलंड, आणि १६१९ मध्ये घरी परतला तेव्हा गाव मेलेलं होतं. त्याला इंग्रजी येत होतं ते असं. मका पेरायला शिकवणारा 'मित्र' रंगमंचावर येतो तेव्हा हे दोन वाक्यांत सांगितलंच पाहिजे. १६२२ च्या नोव्हेंबरात तोही तापाने गेला.

धर्माचा धागा इथेही आहे. राजा जेम्सच्या १६२० च्या न्यू इंग्लंड सनदेत ही साथ देवाची करणी म्हणून नोंदली आहे, तिच्यामुळे मुलूख रिकामा झाला म्हणून. १६३४ मध्ये देवीची साथ आली तेव्हा मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याने पत्रात लिहिलं की परमेश्वराने आमचा जमिनीवरचा हक्क मोकळा करून दिला. एवढे लोक मेले आणि त्याबद्दल देवाचे आभार! हे वाचताना आजही पोटात कालवतं.

उत्तरायण
मला हा सूर पटत नाही. कुठल्या सणाच्या मागे रक्त नाही? आपण दसऱ्याला सीमोल्लंघन करतो तेव्हा मोहिमांत मेलेल्यांचा हिशोब मांडतो का? चाळीस घरची माणसं एकत्र बसून जेवतात, देवाचे आभार मानतात, यात वाईट काय? पंधरा मिनिटांच्या नाटकात बारा वर्षांच्या पोरांवर हे ओझं नको.

रानवाटा
@उत्तरायण, जेवण वाईट आहे असं इथे कुणीच म्हटलेलं नाही. शाळाताईंच्या मुलांनीच प्रश्न विचारलाय. विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं हे जास्त मोठं ओझं.

बखरकार
आता हत्याकांडाचा प्रश्न. दोन घटना आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली पीक्वॉट (कनेक्टिकटमधली एक जमात) युद्धातली. २६ मे १६३७ ला कनेक्टिकटमधल्या मिस्टिक इथे जॉन मेसन आणि जॉन अंडरहिल यांच्या इंग्रज तुकडीने, मोहेगन आणि नॅरागॅन्सेट साथीदारांसह, पहाटे पीक्वॉटांच्या लाकडी कुंपणाच्या वस्तीला आग लावली. बाहेर पडायच्या दोन वाटांवर माणसं उभी केली. म्हातारे, बायका, मुलं जळाली, बाहेर आली ती मारली गेली. मेलेल्यांचा आकडा अंडरहिल ४०० च्या आसपास देतो, मेसन ६०० ते ७००. ब्रॅडफर्डने लिहिलंय की दृश्य भयंकर होतं पण विजय हा गोड यज्ञासारखा वाटला आणि त्यांनी देवाची स्तुती केली. विन्थ्रॉपच्या रोजनिशीत १५ जून १६३७ ची नोंद आहे: सर्व चर्चमध्ये पीक्वॉटांवरच्या विजयाबद्दल आभाराचा दिवस पाळला. वाचलेल्यांपैकी कित्येकांना गुलाम केलं. 'डिझायर' नावाच्या जहाजातून काही जणांना कॅरिबियनमध्ये विकायला नेलं आणि तेच जहाज १६३८ मध्ये आफ्रिकन गुलाम घेऊन परतलं. त्या वर्षीच्या हार्टफर्डच्या तहाने पीक्वॉट हे नाव धारण करायलाही बंदी घातली.

दुसरी १६७५-७६ ची. उसामेक्विनचा मुलगा मेटाकॉम, इंग्रज त्याला 'किंग फिलिप' म्हणत. बापाने करार केला त्याच वसाहतीशी पोराला लढावं लागलं, कारण ५० वर्षांत जमीन हातची गेली होती. १२ ऑगस्ट १६७६ ला तो मारला गेला. त्याचं शीर प्लिमथला पोचलं ते नेमकं आभारासाठी ठरवलेल्या दिवशी. ते खांबावर लावलं आणि वीस वर्षांहून जास्त काळ तिथे राहिलं. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाचं काय करायचं यावर पाद्र्यांनी बायबलमधले दाखले काढून पत्रव्यवहार केला. बहुतेकांचं मत होतं मारा. जेम्स कीथ या पाद्र्याने, बापाच्या पापासाठी मुलाला मारू नये हे वचन दाखवून, दयेची बाजू मांडली. शेवटी मुलाला गुलाम म्हणून विकलं.

केप_कॉडकर
वरच्या प्रतिसादाशी सहमत, एक गाठ मात्र सोडवतो. 'आजचा सण १६३७ च्या हत्याकांडातून आला' हे विधान सरळ खरं नाही. १६३७ चा आभारदिन झाला हे खरं. पण त्यापासून आजच्या नोव्हेंबरच्या सुट्टीपर्यंत थेट साखळी नाही. १६२१ पासूनही नाही. सण तयार झाला तो शरदातल्या वार्षिक आभारदिनांमधून, आणि १६२१ चं जेवण त्याला दोनशे वर्षांनी चिकटवलं. १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग या बोस्टनच्या पाद्र्याने विन्स्लोचं पत्र छापलं आणि तळटिपेत 'हे पहिलं थँक्सगिव्हिंग' असं लिहिलं. तिथून पुढे ते पाठ्यपुस्तकांत गेलं.

मुलांना असं सांगता येईल: एकच प्रथा होती, देवाचे जाहीर आभार मानायची. ती पावसासाठी वापरली, पिकासाठी वापरली आणि माणसं मारल्यानंतरही वापरली. मला हेच जास्त अस्वस्थ करणारं वाटतं.

उत्तरायण
@केप_कॉडकर, या मांडणीशी माझं भांडण नाही. 'सण म्हणजेच हत्याकांड' याला माझा विरोध होता.

बामणोलीकर
मेटाकॉमच्या युद्धातलं डिअर आयलंड राहिलं. १६७५ च्या ऑक्टोबरअखेर नॅटिक वगैरे गावांतले ख्रिस्ती झालेले स्थानिक लोक, म्हणजे वसाहतीच्याच धर्माचे, बोस्टनच्या बंदरातल्या त्या बेटावर नेऊन टाकले. हिवाळ्यापर्यंत पाचेकशे झाले. निवारा नाही, लाकूड तोडायला बंदी, शिंपल्यांवर दिवस काढायचे. फार लोक मेले. एकाच देवाची प्रार्थना करणारे दोघे, एक बेटावर, एक सभागृहात.

खापरपोळी
थोडं विषयांतर, पण मक्याशिवाय ही गोष्ट अपुरी आहे. १६२१ मध्ये प्लिमथला २० एकर मका आणि सहा एकर जव व वाटाणा पेरला होता. मका चांगला आला, जव बरा, वाटाणा फुलोऱ्यावर उन्हाने करपला. म्हणजे इंग्रजी बियाणं फसलं आणि स्थानिक बियाण्याने गाव तारलं.

पद्धत: जमीन नांगरायची नाही. पाच-सहा फुटांवर मातीचे उंचवटे करायचे, प्रत्येकात चार-पाच दाणे. कस गेलेल्या जमिनीत खाली मासे पुरायचे. एप्रिलच्या मध्यात ओढ्यातून वर चढणारे हेरिंगसारखे मासे मुबलक मिळत. मका वीतभर झाला की घेवडा, कडेने भोपळा. घेवडा मक्यावर चढतो आणि जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची पानं तण दाबतात. बिघडतं कुठे, तर घेवडा मक्याबरोबरच पेरला की तो कोवळ्या धाटाला ओढून लोळवतो.

रानवाटा
माशांच्या खतावर वाद आहे बरं का. लिन सेसी यांनी १९७५ मध्ये मांडलं की ही युक्ती टिस्क्वांटम युरोपात किंवा न्यूफाउंडलंडला शिकला असावा. पुष्कळांना ते पटलेलं नाही.

खापरपोळी
@रानवाटा, वाद ठाऊक आहे, म्हणून 'पुरातन परंपरा' म्हटलं नाही. राखेची गोष्ट मात्र निर्विवाद. तिथले लोक वाळलेला मका लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकळून साल काढत. त्याने मक्यातलं नायसिन अंगी लागतं. युरोपात मका गेला पण राख गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा (नायसिन कमी पडल्याने होणारा रोग) पसरला.

कुणाला करायचं असेल तर वाम्पानोआगांचं सोबाहेग हे कालवण द्या मुलांना. पाव किलो वाळलेला घेवडा, पाव किलो साल काढलेला पांढरा मका, अर्धा किलो टर्कीचे हाडासकट तुकडे, तीन लिटर पाणी. एकत्र उकळी आणून मंद आचेवर अडीच तास. मग हिरव्या शेंगा सव्वाशे ग्रॅम आणि लाल भोपळ्याच्या फोडी पाव किलो. त्या शिजल्या की हाडं काढायची आणि अर्धा कप सूर्यफुलाच्या बियांचं भरड कूट घालून दाट करायचं. कूट आधी घातलं की तळाला लागतं, भोपळा आधी घातला की विरघळतो. फोडणी घालायचा मोह आवरा.

सदाफुली
फोडणी नाही?! पंगत उठून जाईल. :)

कांदळवन
गोव्यात ख्रिस्ती गावांत कणसाचं फेस्त असतं, नव्या भाताची कणसं कापून चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. रायला ५ ऑगस्टला, ताळगावला २१ ऑगस्टला. कोकणात हिंदू घरांत नव्याची पुनव. पीक आलं की देवापुढे ठेवायचं हे सगळीकडे आहे. अमेरिकेतल्या सणात पिकापेक्षा वसाहतीची गोष्ट वर आली, आणि म्हणून तिथे जमीन कुणाची हा प्रश्न टळत नाही.

बखरकार
ती गोष्ट वर कशी आली याचं उत्तर १८६३ मध्ये आहे. सारा जोसेफा हेल या संपादिकेने राष्ट्रीय सुट्टीसाठी कित्येक वर्षं लेख आणि पत्रं लिहिली. २८ सप्टेंबर १८६३ ला लिंकनला लिहिलं, ३ ऑक्टोबरला जाहीरनामा निघाला: नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार. यादवी युद्धात फुटलेल्या देशाला एकत्र बांधायची गरज होती. त्यात पिलग्रिमांचा उल्लेखही नाही. ज्या सरकारने तो काढला त्यानेच नऊ महिने आधी, २६ डिसेंबर १८६२ ला, मिनेसोटातल्या मँकाटो गावी डाकोटा या स्थानिक जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली होती. चौथा गुरुवार हा आजचा नियम काँग्रेसने १९४१ मध्ये केला.

केप_कॉडकर
आणि वाम्पानोआग संपलेले नाहीत, हे नाटकात यायलाच हवं. १९७० मध्ये मेफ्लॉवरच्या ३५० व्या वर्षाच्या समारंभात वाम्सुट्टा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावलं, मजकूर आधी वाचला आणि तो बोलू दिला नाही. त्यांनी प्लिमथच्या कोल्स हिलवर लोक जमवले. तेव्हापासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी दुपारी १२ ला तिथे राष्ट्रीय शोकदिन पाळतात. मॅशपी वाम्पानोआगांना केंद्र सरकारची मान्यता २००७ मध्ये मिळाली. त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नव्हतं. जेसी लिटल डो बेअर्ड यांनी १९९३ पासून ती पुन्हा उभी केली, आणि त्यासाठी एक आधार झाला तो १६६३ चं त्या भाषेतलं बायबल, धर्मांतरासाठी छापलेलं.

शाळाताई
सर्वांचे मनापासून आभार. संहिता अशी बदलतेय: सुरुवात ओस पटक्सेटपासून, निवेदक टिस्क्वांटमची हकिगत सांगेल. मग विन्स्लोचा परिच्छेद मराठीत जसाच्या तसा. मग १६२३ चा उपास आणि पाऊस. १६३७ आणि १६७६ फक्त मोठी मुलं वाचतील, अभिनय नाही. शेवट १९७० वर. पोशाखाचं काय करू? पिसांचे मुकुट तयार आहेत.

रानवाटा
मुकुट ठेवून द्या. तो मोठा पिसारा पश्चिमेच्या मैदानी जमातींचा, तिथेही मानाने मिळवायचा. तंबूही नको, वाम्पानोआगांची घरं म्हणजे वाकवलेल्या फांद्यांवर साल किंवा चटया घातलेली घुमटी. सगळ्यांना साधे कपडे आणि गळ्यात नावाची पाटी. मेटाकॉमच्या मुलाचं पात्र कुणालाही देऊ नका, ते वाचनातच राहू दे.

उत्तरायण
१६३७ चं वाचन जेवणाच्या अगदी आधी नको एवढीच विनंती. मधे पाच मिनिटं मुलांना प्रश्न विचारू द्या.

शाळाताई
@उत्तरायण, हो, प्रश्नोत्तरं मधे घालते. @खापरपोळी, इथे साल काढलेला मका डब्यातला मिळतो, चालेल का?

खापरपोळी
@शाळाताई, चालेल, पण तो शिजलेला असतो. पाणी ओतून धुवा आणि भोपळ्याबरोबर शेवटी घाला, नाहीतर अडीच तासांत लगदा होईल. पाणी तीनऐवजी दोन-सव्वादोन लिटर पुरे. कोरडा मिळाला तर रात्रभर भिजवा. घेवडा दोन्ही वेळा भिजवायचाच.